खालच्या शेतातला वळसा

माझ्या सासऱ्यांना लोक पाठीमागे ‘ओळंबा’ म्हणतात. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. आबा तितकेच सरळ आहेत, आणि ही स्तुती नाही. सरळ माणसाबरोबर एका घरात राहून बघा एकदा. भिंतीवरचं घड्याळ जरा कलतं दिसलं की हे जेवण टाकून उठतात. दारातल्या चपला ओळीत हव्यात, ताटं टेबलाच्या कडेपासून सारख्या अंतरावर हवीत, वाळत घातलेल्या चादरीची टोकं एकमेकांना भेटायला हवीत. खिशात कायम सुतळीचं रीळ. मी या घरात आले तेव्हा माझं कपाट त्यांनी आधी सुतळी लावून भिंतीला समांतर केलं आणि मगच मला म्हणाले, "हं, आता लाव तुझे कपडे."

मीही काही कमी नाही. माझ्या नाकावर राग असतो, हे माझी आईच सगळ्यांना सांगत फिरते. त्यामुळे आबांचं आणि माझं जमत नाही असं नाही, पण रोज एकदा तरी वाजतं.

माझं काम म्हणजे छपरं तपासणं. कारखान्यांची, गोदामांची, शाळांची मोठमोठी छपरं गळतात, आणि पाणी नेमकं कुठून शिरतंय ते कुणालाच कळत नाही. मी ड्रोन उडवते. त्याला उष्णता टिपणारा कॅमेरा आहे. ओल असते तिथे गार, कोरडं असतं तिथे गरम, आणि हा फरक पडद्यावर रंगांत दिसतो. आबा ड्रोनला ‘भिरभिरं’ म्हणतात. मी सकाळी पेटी घेऊन निघाले की विचारणार, "आज कुणाच्या डोक्यावर भिरभिरं?" शिकलेल्या सुनेनं दिवसभर खेळणं उडवावं आणि लोकांनी त्याचे पैसे द्यावेत, हे त्यांच्या सरळ डोक्यात काही केल्या शिरत नाही.

तर गोष्ट खालच्या शेताची. आमचं खालचं शेत मुळात दलदलीचं. माझा नवरा जन्मायच्याही आधी आबांनी तिथे जमिनीखाली निचऱ्याचे पाइप टाकले. भाजलेल्या मातीचे हातभर लांबीचे नळ, एकाला एक टेकवून बसवलेले. जमिनीतलं जास्तीचं पाणी सांध्यांतून आत झिरपतं आणि वाहून जातं. वरच्या बांधाजवळच्या विटांच्या टाकीपासून खाली ओढ्यापर्यंत एक मोठा पाइप, आणि दोन्ही बाजूंनी बारके पाइप येऊन त्याला मिळतात. इतकी वर्षं सगळं बिनबोभाट चाललं. मग दोन हंगामांपासून शेताच्या मधोमध डबकं साचायला लागलं. यंदा तर तिथे बदकं उतरली. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बदकांचं भारी कौतुक. त्या रोज शिळी पोळी घेऊन जायच्या. पेरणी तोंडावर आलेल्या माझ्या नवऱ्याला मात्र बदकं बघून घाम फुटायचा.

मोठा पाइप कुठेतरी तुंबलाय हे उघड होतं. वरची टाकी दिसत होती, ओढ्याकाठी पाइपाचं तोंडही दिसत होतं, थेंब थेंब गळत. दोन्ही टोकं जागेवर होती, मधलंच हरवलं होतं.

"हरवायला काय झालं?" आबा म्हणाले. "टाकीपासून ओढ्यापर्यंत दोरी ताणली होती मी. दोरीखाली पाइप. एक बोटभर इकडे नाही की तिकडे नाही."

दोरी पुन्हा ताणली गेली. नवऱ्यानं डबक्याच्या काठाशी दोरीखाली खणलं. पाणी आणि चिखल. थोडं पुढे खणलं. पुन्हा चिखल. आबा बांधावर उभे राहून "अजून खोल" म्हणत होते आणि नवरा कमरेपर्यंत खड्ड्यात उतरून चिखल उपसत होता. शेवटी त्यानं हात टेकले.

त्या दिवशी तो पाय धुताना मला हळूच म्हणाला, "आबांचं वय झालं गं. आता त्यांना आठवत नाही. मी जेसीबीवाल्याला बोलावतो, सगळं शेत उकलून नवे पाइप टाकू. आणि यापुढे शेतातलं त्यांना विचारायचंच नाही, म्हणजे त्यांनाही त्रास नाही."

हळूच म्हणाला खरा, पण आमच्या घराच्या खिडक्या उघड्या असतात आणि आबांचे कान शाबूत आहेत. ते आतून आले. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ट्रॅक्टरच्या शेडची किल्ली असते त्यांच्या. झोपतानाही ती काढत नाहीत. ती किल्ली मुठीत धरून ते म्हणाले, "पाइप माझ्या दोरीखाली नसेल ना, तर ही किल्ली मी काढून देईन. मग तुम्ही शेत उकला नाहीतर त्यात बदकं पाळा. मी तोंड उघडणार नाही."

"आबा, मी तसं नाही म्हटलं," नवरा म्हणाला.

"तू तसंच म्हटलंस."

मी मध्ये पडायला नको होतं. पण म्हटलं, "आबा, उगाच खणण्यापेक्षा मी ड्रोननं बघते ना. पाइपासाठी खणून भरलेली माती मोकळी असते, पाइप तुंबला तरी ती आधी सुकते. सुकलेली माती उन्हात लवकर तापते. पाऊस उघडून दोन दिवस झाले की रेघ दिसायला हवी."

"भिरभिरं सांगणार मला, मी पाइप कुठे टाकला ते?"

एवढं पुरेसं होतं. माझं डोकंच फिरलं. "हो, सांगेल!" मी म्हटलं. "आणि तुमच्या दोरीखाली नसला तर किल्ली मला द्यायची. त्याला नाही, मला!"

"दिली. आणि असला, तर ते भिरभिरं माळ्यावर. पुन्हा माझ्या शेतावर उडवायचं नाही."

"नाही उडवणार!"

आईंनी आतून विचारलं, "जेवायला वाढू की आधी एकमेकांना खाताय?"

पाऊस उघडल्यावर मला दम धरवला नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी उडवलं. सगळं शेत पडद्यावर एकजात निळं, भिजलेल्या गोधडीसारखं. दुपारी ऊन तापल्यावर पुन्हा उडवलं. निळ्यामधून एक पिवळी रेघ गेली होती, टाकीपासून ओढ्यापर्यंत. सरळ. दोरी ताणल्यासारखी सरळ.

आबा माझ्या मागेच उभे होते. त्यांनी चष्मा वर करून पडदा बघितला, चष्मा खाली केला, पुन्हा बघितला. मग मोठ्या मायेनं म्हणाले, "चांगलं आहे हो तुझं यंत्र." आणि माळ्यावर जागा करायला निघून गेले.

मी रडवेली झाले. नवऱ्यानं कुदळ उचलली आणि त्याच रेघेवर, डबक्याच्या बाजूला जरा कोरड्यात, खणायला सुरुवात केली. माती दगडासारखी घट्ट. वरचा थर फुटेना. फुटला तेव्हा खाली साधी भुसभुशीत जमीन. पाइप नाही. अजून खोल गेला, तरीही नाही. तोवर आई बदकांची पोळी घेऊन आल्या. त्यांनी खड्ड्यात डोकावलं, टाकीकडे बघितलं, ओढ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, ही तर ह्यांची पायवाट."

आणि तसंच होतं! आबा रोज सकाळी टाकीपासून ओढ्यापर्यंत फेरी मारतात. आपल्या पाइपावरून. नांगरट होवो, पेरणी होवो, त्यांची चाल तीच, रेघ तीच. इतक्या वर्षांत त्यांनी जमीन इतकी तुडवली होती की वरून नांगर फिरला तरी खालचा थर फरशीसारखा राहिला होता. माझ्या इतक्या महागड्या कॅमेऱ्यानं आबांची सकाळची फेरी शोधून काढली होती.

मी हसत सुटले. नवरा खड्ड्याच्या काठावर बसून हसला. आमचा आवाज ऐकून परत आलेले आबा मात्र हसले नाहीत. ते त्या खड्ड्याशी उभे राहिले आणि आत बघत राहिले, आणि त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या किल्लीकडे गेला. मला ते बघवेना. भांडायला आबा ताठ उभे असले तर मजा. असे वाकलेले आबा मला नको होते.

"अजून माती ओली आहे," मी म्हटलं. "अजून ठरलं नाही काही. परवा उडवते."

दोन दिवसांनी मी एकटीच गेले. ऊन चांगलं पडलं होतं, वारा नव्हता. ड्रोन वर गेलं, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालून उतरलं. बांधावर बसून, डोक्यावरून ओढणी घेऊन मी लॅपटॉपच्या पडद्यावर चित्र जोडलं.

आणि ते दिसलं. बारके पाइप माशाच्या काट्यासारखे दोन्ही बाजूंनी, एकेक रेघ मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. ते सगळे येऊन मिळत होते त्या जाड रेघेला. ती टाकीपासून सरळ निघाली होती, अगदी आबांसारखी. आणि शेताच्या मध्यावर आल्यावर तिनं अंग चोरलं होतं. डावीकडे सरकून, मोठा गोल वळसा घालून, ती पुन्हा आपल्या जागेवर आली होती आणि तशीच सरळ ओढ्याला गेली होती. वळशाच्या आत पायवाटेची फिकट रेघ आणि डबकं सोडलं तर काही नव्हतं. नुसती जमीन. आम्ही बरोब्बर तिथेच खणत होतो.

मी जिंकले होते, आणि मला जराही आनंद झाला नाही. खरं सांगायचं तर ते चित्र पुसून टाकावं आणि म्हणावं, कॅमेरा बिघडला, असंही मनात आलं. पण मग पेरणी गेली असती. आणि आबांना खोटं पाडायचं नाही म्हणून त्यांच्याशी खोटं बोलायचं, हे त्यांनाच सगळ्यात जास्त लागलं असतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी लॅपटॉप ठेवला. आबांनी सवयीनं तो टेबलाच्या कडेला समांतर केला. मी चित्र उघडलं.

नवरा म्हणाला, "हा काय प्रकार? मधेच वाकडा का?"

आबा पुढे वाकले. त्यांनी वळशावर बोट ठेवलं आणि ते बोट हळूहळू रेघेवरून फिरवलं. गोल जाऊन परत आलं. मग ते खुर्चीत बसले.

"तुती," ते म्हणाले.

"काय?" मी विचारलं.

"तिथं तुतीचं झाड होतं."

शेगडीशी उभ्या आईंच्या हातातला झारा तसाच राहिला. गॅस बंद करून त्या टेबलाशी आल्या. "माझी तुती?"

आईंची तुती मला ऐकून माहीत होती, कारण या घरातल्या निम्म्या भांडणांचा शेवट तिच्यावर होतो. आई लग्न होऊन आल्या तेव्हा घर भरलेलं होतं. सासू, सासरे, दीर, नणंदा. दोन घटका एकटं बसायला एकच जागा होती, खालच्या शेतातलं तुतीचं झाड. तिथे बसून तुती खायच्या, आणि जांभळी बोटं लपवत घरी यायच्या. मग पाइप टाकायचं ठरलं. झाड नेमकं वाटेत. तेवढ्यात माहेराहून त्यांच्या आईच्या आजारपणाचा निरोप आला आणि त्यांना जावं लागलं. जाताना त्या आबांना म्हणाल्या होत्या, झाड तोडू नका. आबा म्हणाले होते, "पाइप काय तुझ्या झाडाला वळसा घालणार आहे?" त्या परत आल्या तेव्हा झाड उभं होतं, पण आबांनी सांगितलं, पाइप मुळं तोडून खालून सरळ नेलाय. पुढे नवरा पाळण्यात असताना एका वादळात ते झाड पडलं. तेव्हापासून आई म्हणत आल्या आहेत, की मुळं तोडलीत म्हणून माझं झाड पडलं. आणि आबा, ज्यांना कुणाचं अर्धं वाक्य खपत नाही, ते यावर कधीच काही बोलत नाहीत.

"तुम्ही मुळं तोडलीच नाहीत?" आई म्हणाल्या.

आबा पडद्याकडेच बघत होते. "बाबा होते ना तेव्हा. भाऊ होते. त्यांना काय सांगू, की बायकोच्या झाडासाठी पाइप वळवला? जन्मभर म्हणाले असते, बायकोच्या ताटाखालचं मांजर. बाबा आणि भाऊ परगावी गेले होते. त्या दिवसांत मी मजूर लावून वळसा खणून घेतला आणि बुजवून टाकला. आल्यावर सांगितलं, सरळ नेला, मुळं तोडून. त्यांना सांगितलं तेच तुला सांगितलं."

"आणि बाबा गेल्यावर? भाऊ वेगळे झाल्यावर?"

"तोवर इतक्या वेळा सरळ सरळ म्हणून झालं होतं, की मलाच ते खरं वाटायला लागलं. खरंच सांगतो. आज ही रेघ बघितली आणि एकदम सगळं आठवलं. पाऊस पडत होता. तू हिरवी साडी नेसून गाडीत बसली होतीस आणि माझ्याशी बोलत नव्हतीस."

आई उभ्याच होत्या. मला वाटलं आता रडतील. पण त्या आमच्या आई आहेत. त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हाला उगाच बोलले? मला एकदा सांगितलं असतंत तर काय जीभ झिजली असती?" आणि मग मात्र त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि दुसऱ्या हातानं आबांच्या खांद्यावर एक चापट मारली. चांगली जोरात.

दुसऱ्या दिवशी जेसीबीवाला आला. मी वळशाच्या टोकावर खुंटी ठोकून दिली आणि त्यानं हळूहळू माती उचलली. कमरेइतक्या खोलीवर खापरासारखा लाल नळ दिसला. जागच्या जागी, एकाला एक टेकलेला. नवऱ्यानं उतरून एक नळ काढला. आत काठोकाठ गाळ. वळणावर पाणी मंदावतं, गाळ खाली बसतो. तिथेच तुंबलं होतं. बांबूनं गाळ ढकलल्यावर आतून आधी एक ढेकर आल्यासारखा आवाज आला, आणि मग पाणी असं सुटलं की नवरा गुडघ्यापर्यंत भिजला आणि लहान मुलासारखा ओरडला. खाली ओढ्याकाठी उभ्या आई ओरडल्या, "आलं! आलं!" डबक्यातली बदकं काय झालं ते न कळून एकमेकांकडे बघत राहिली.

आबांनी गळ्यातला दोरा काढला. किल्ली माझ्यापुढे धरली. "शब्द म्हणजे शब्द. पाइप दोरीखाली नव्हता."

"आबा, राहू दे."

"घे."

मी घेतली. आबांशी वाद घालता येतो, पण त्यांच्या शब्दाशी नाही.

जेसीबीवाल्यानं यंत्र बंद करून खाली डोकावून बघितलं. "वहिनी, आता मी आहेच इथं, तर हा वाकडा तुकडा काढून टाकू? सरळ जोडून देतो. पुन्हा गाळ अडकायचा नाही."

"बरोबर आहे," नवरा म्हणाला. "झाडही नाही आता. बारके पाइप थोडे वाढवले की झालं. करून टाका सरळ."

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, कारण किल्ली माझ्या हातात होती. मी आबांकडे बघितलं. आयुष्यभर ज्या माणसानं वाकडी चादर सहन केली नाही, तो खाली त्या वळणाकडे बघत होता. "मी तोंड उघडणार नाही म्हटलंय," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू कुणी त्यांच्या घरातलं काहीतरी उचलून न्यायला आलं आहे.

मी काही बोलायच्या आत आई ओढ्याकडून चढून वर आल्या. धाप लागली होती. "काय म्हणतोय हा? सरळ करायचा?"

"आई, पुन्हा तुंबेल," नवरा म्हणाला.

"तुंबू दे. हे काढतील गाळ." त्या खड्ड्याच्या काठावर उभ्या राहिल्या आणि जेसीबीवाल्याला म्हणाल्या, "हा वळसा माझा आहे. याला हात लावायचा नाही."

जेसीबीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. "ऐकलंत ना," मी म्हटलं. "बुजवा."

किल्ली मी संध्याकाळी आबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. कपाला समांतर ठेवली, मुद्दाम. म्हटलं, "शेड उघडायला भल्या पहाटे उठणं माझ्यानं होणार नाही. तुम्ही माझ्या वतीनं उघडत जा." त्यांनी दोरा गळ्यात घातला आणि किल्ली सदऱ्यात सरकवली. "उद्या कुणाच्या डोक्यावर?" त्यांनी विचारलं. भिरभिरं म्हणाले नाहीत.

पेरणी वेळेवर झाली. बदकं दुसरीकडे गेली, त्याचं दुःख आईंनी चारच दिवस केलं. आबा अजून रोज सकाळी टाकीपासून ओढ्यापर्यंत फेरी मारतात, पण शेताच्या मध्यावर आले की डावीकडे वळतात, जिथे काहीच नाही त्याला मोठा वळसा घालतात आणि पुन्हा आपल्या रेघेवर येतात. कधी कधी आई बरोबर असतात. त्या वळशात तुतीचं रोप लावायचा त्यांचा विचार चालला आहे, आणि मुळं पाइपात जातील म्हणून नवरा रोज डोकं धरतो.

परवा शेजारच्या शेतातले काका विचारायला आले, आमचाही निचरा तुंबलाय, जरा ड्रोन उडवून देतेस का म्हणून. मी पेटी काढेपर्यंत आबांनी त्यांना ओट्यावर बसवलं होतं. आतून मला ऐकू येत होतं.

"सरळ पाइप काय हो, कुणीही टाकतं," आबा त्यांना सांगत होते. "दोरी ताणली की झालं. खरं कसब असतं ते वळवण्यात."